कुरणेबाईंचा तेविसावा प्रश्न

कुरणेबाई उभ्यानं जेवायच्या. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बाकीचे प्राध्यापक टेबलाला रेलून डबे उघडायचे, एकमेकांच्या भाजीची चौकशी करायचे, आणि बाई खिडकीपाशी भाकरीचा तुकडा मोडत रस्त्याकडं बघत असायच्या. पाच मिनिटांत डबा बंद, छत्री काखेत, की निघाल्या. छत्री बारा महिने. उन्हाला की पावसाला असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्यांना. तुमच्या कबनूरची कुत्री फार हुशार आहेत, प्राध्यापक दिसला की भुंकतात."

बाई म्हणजे प्राध्यापक विमला कुरणे, विषय समाजशास्त्र. शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका गावच्या. बाप पिराजी दुसऱ्याच्या भातशेतात राबायचा. घरानं धम्म घेतला तेव्हा त्यानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून कडवी नदीत सोडले आणि सोळा वर्षांच्या पोरीला कोल्हापूरच्या वसतिगृहात सोडलं. पोरगी एम. ए. झाली आणि पासष्ट साली कॉलेजात शिकवायला लागली.

नोकरीच्या पहिल्या नऊ वर्षांत बाईंनी सात खोल्या बदलल्या. मंगळवार पेठ, शाहूपुरी, राजारामपुरीच्या तीन वेगवेगळ्या गल्ल्या. घरमालकीण पहिल्या दिवशी म्हणायची, प्राध्यापक आमच्यात राहणार म्हणजे भूषणच की. पंधरा दिवसांनी गाव विचारायची. महिन्यानं गावातली गल्ली विचारायची. आणि मग अचानक तिच्या भाच्याचं लग्न ठरायचं आणि त्याला ती खोली लागायची. "माझ्यामुळं कोल्हापुरात सात भाचे मार्गी लागले," असं बाई म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण ट्रंक कधी पुरती उघडायच्या नाहीत. वरचे चार कपडे तेवढे काढायच्या.

बाईंचा अभ्यासाचा विषय होता मूल. मूल कोण वाढवतं, कसं वाढवतं, त्याच्याशी घरात कोण काय बोलतं. त्या काळात हा काय विषय होता? पोर गवतासारखं वाढतं अशी आपल्याकडची समजूत. स्टाफरूममध्ये हसायचे. त्यात बाईंनी लग्न केलेलं नाही. एक इतिहासवाले म्हणाले होते, "कुरणेबाई, पोहता न येणाऱ्यानं रंकाळ्यावर ग्रंथ लिहावा तसं झालं हे." बाई म्हणाल्या, "पोहणारे काठावर कपडे सांभाळत बसलेत ना, मग कुणीतरी लिहायला नको?"

माझी त्यांची गाठ एकाहत्तर साली पडली. मी इचलकरंजीजवळच्या कबनूरचा, यंत्रमागावर उभा राहणारा. सातवीत शाळा सोडली, किंवा शाळेनं मला सोडलं. पुढचं सगळं रद्दीवाल्याच्या दुकानात वाचलं आणि मागवाल्यांच्या युनियनमध्ये घासून घेतलं. आमची तेव्हा एकच मागणी होती, पाळणाघर. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया तान्ही पोरं शेडमध्ये घेऊन यायच्या, दोन खांबांना झोळी बांधायच्या आणि पोर दिवसभर त्या खडखडाटात, कापसाच्या उडत्या धुळीत. मालक म्हणायचे, बाया मागत नाहीत, तुम्हीच मागताय. मला हवा होता शिकलेल्या माणसाचा कागद. कॉलेजात गेलो तर हे त्यांच्याकडं पाठवतात, ते ह्यांच्याकडं. तासभर असा चेंडू झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी स्टाफरूमच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीबाही बोललो. बाकीचे कपात बघायला लागले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"कबनूरला. दोनची गाडी असते ना?"

गाडीत मी विचारलं, आधी अर्ज वगैरे नको का. त्या म्हणाल्या, अर्ज लिहीपर्यंत ओरडणारा माणूस थंड होतो.

अशी सुरुवात झाली. बाईंनी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलेलं होतंच, आता त्यांनी कबनूरची वस्ती धरली. चौऱ्याऐंशी प्रश्नांची प्रश्नावली, आमच्या बायका तिला फारम म्हणायच्या. दोनशे चौदा घरं. दर रविवारी आणि सुट्टीत बाई यायच्या, मी पुढं होऊन घर दाखवायचो, ओळख करून द्यायचो आणि बाहेर कट्ट्यावर बसायचो, कारण पुरुषासमोर बायका बोलणार नाहीत.

आता माझं काम सांगतो. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडं लेकराच्या कपाळाला काजळाची तीट असते, हातात काळा दोरा असतो, गळ्यात बिब्बा असतो. दृष्ट लागू नये म्हणून. मी असल्या गोष्टींच्या विरुद्ध वस्तीत भाषणं करत होतो. त्याआधी कुठली तरी बाहेरगावची मंडळी येऊन आमच्या वस्तीवर लेख लिहून गेली होती, त्यात आम्ही म्हणजे नुसते अडाणी, दोरे बांधणारे. ते वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. म्हणून बाई ज्या घरी जायच्या त्या घरी मी आदल्या दिवशी जायचो. सांगायचो, उद्या शिकलेल्या बाई येणार आहेत, पोराची तीट पुसा, दोरे काढून ठेवा, दिष्टीचा शब्द काढायचा नाही. वस्तीची अब्रू आहे. बायका कुरकुरायच्या. मी आवाज चढवला की पुसायच्या.

बाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

प्रश्नावलीतला तेविसावा प्रश्न होता, मूल नीट जेवतं का. चोविसावा, मुलाचा कोणता गुण तुम्हाला आवडतो. पंचविसावा, इतर मुलांच्या मानानं तुमचं मूल कसं आहे. दोनशे चौदांपैकी एकशे एक्क्याण्णव बायकांनी सांगितलं, काही खात नाही. गुण? कसला गुण, द्वाड आहे. इतर मुलांच्या मानानं? काळं, किडकं, बिनडोक. बाई घरातून बाहेर यायच्या आणि एस. टी. स्टँडवर येरझाऱ्या घालायच्या, गाडी लागली तरी चढायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "गुंडूभाऊ, मला वाटायचं हे आमच्याच घरात आहे."

मग तुटक तुटक कळलं. बाईंच्या आईनं, अंबूबाईनं, त्यांना जन्मात चांगलं म्हटलेलं नव्हतं. काळी, दळभद्री, घोड्याच्या तोंडाची. मॅट्रिकला तालुक्यात पहिली आली तर म्हणाली, बाकीची पोरं गाढव असतील. नोकरी लागली तर म्हणाली, किती दिवस टिकतीय बघू. विमलाबाईंनी मूल हा विषय का घेतला, हे तेव्हा मला समजलं. त्यांना शोधायचं होतं की आई अशी का होते. आणि आता कबनूरच्या प्रत्येक घरात त्यांना तीच आई भेटत होती.

पण बाई भोळ्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. दृष्टीच्या भीतीनं आया वाईट बोलत असतील, हा विचार त्यांनी आधीच केला होता. एकसष्टावा रकाना त्यासाठीच ठेवला होता. तीट, काळा दोरा, बिब्बा, मुलाच्या अंगावर दिसतो की नाही. स्वतः डोळ्यांनी बघून भरायचा. दोनशे चौदा घरांत तो दिसला नऊ ठिकाणी. म्हणजे ज्या वस्तीत दृष्टच कुणी मानत नाही, तिथं आया लेकराबद्दल वाईट बोलतात ते मनापासूनच. हिशोब चोख होता. त्यांचे मार्गदर्शक डॉक्टर त्र्यंबक सरदेशमुख यांनी हीच शंका काढली, तेव्हा बाईंनी एकसष्टावा रकाना पुढं केला आणि सर खूश झाले. निष्कर्षाला नाव मिळालं, मातृस्नेहाचा अभाव.

चौऱ्याहत्तर साली बाईंनी त्यावर एक व्याख्यान दिलं. ऐकायला इचलकरंजीचे दोन मालक आले होते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकानं मला शेडमध्येच अडवलं आणि म्हणाला, काय पुढारी, आयांनाच पोरं नकोत म्हणे, मग पाळणाघर कुणासाठी, तुमच्यासाठी व्हय? शेड हसली. मी तसाच कोल्हापूर गाठलं. बाईंना म्हणालो, तुम्ही आमच्या बायकांना कसाई ठरवलंत. बाई म्हणाल्या, त्यांनी सांगितलं ते लिहिलं. आणि घरं कुणी दाखवली, तुम्हीच ना? मी पाय आपटत निघून आलो. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शहात्तर साल उजाडलं. बाईंच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता एकतीस मार्च ही शेवटची तारीख. त्या दिवशी पाचपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही तर नाव कटणार. जूनमध्ये लेक्चररच्या वरच्या, रीडरच्या जागेची मुलाखत होती, तिला डॉक्टरेट पाहिजे. जागा बाईंनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. बाईही. त्यांनी आठवी खोली बघितली नव्हती, रीडर झाल्यावर हक्काचं क्वार्टर मिळणार होतं. प्रबंध मराठीत, चारशे बारा पानं, टाईप होऊन आला होता. फक्त एक तक्ता राहिला होता. सरदेशमुख सरांचं म्हणणं, नावडत्या मुलांची वजनं घ्या, ती कमी भरली की निष्कर्षाला पुरावा जोडला जाईल.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी कबनूरच्या शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा टांगला. आरोग्य केंद्रातली नर्स बाळाबाई आली. चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं निवडलेली. आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणं फिरून आलो होतो, सगळी कपाळं स्वच्छ. बाळाबाई एकेक पोर झोळीत घालायची आणि आकडा ओरडायची, आणि बाई लिहायच्या. दहा पोरं झाली, पंधरा झाली. बाईंचं पेन हळू चालायला लागलं. वजनं चांगली भरत होती.

मग यल्लव्वा आली. लग्न होऊन कर्नाटकातून आलेली, कांड्या भरणारी, तोंडाची फाटकी. तिचा परसू झोळीत बसला तसा काटा खालीच गेला.

"साडेदहा," बाळाबाई ओरडली. "काय चारतीस गं यल्लव्वा? पैलवान हाय की ह्यो."

यल्लव्वानं झोळीतनं पोर हिसकावून घेतलं. "कसला पैलवान. रोगट हाय मेलं. चार दिस झालं, अन्नाला शिवलं न्हाय." आणि ती जमिनीवर थुंकली.

परसूच्या हातात अर्धी भाकरी होती. तो ती चावत होता.

बाई उठल्या. "यल्लव्वा, तो खातोय."

"असू दे की."

"मग खात नाही असं का सांगता?"

यल्लव्वानं माझ्याकडं बघितलं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. बाईंनीही मान वळवली.

"त्यास्नी इचारा," यल्लव्वा म्हणाली. "तुम्ही यायच्या आदी कोण येतंय वस्तीत? तीट पुसा म्हणतंय, दोरं काढा म्हणतंय, दिष्टीचं नाव घेऊ नगा म्हणतंय. आम्ही पुसली. मग तोंडानं तरी वंगाळ बोलू नगं? लेकरू काय उघड्यावर टाकू व्हय?"

बाईंनी रांगेला विचारलं, अजून कुणी पुसली होती. आधी कुणी हलेना. मग एक हात वर आला, मग दुसरा. मग मोजायचं काम उरलं नाही. पोराच्या अंगावरची राखण मी काढून घेतली होती, तेव्हा आयांनी ती शब्दांनी घातली होती. दोनशे चौदा घरांत बायका बाईंच्या तोंडासमोर लेकरं झाकून धरत होत्या, आणि बाई त्याला अभाव म्हणून लिहीत होत्या.

बाईंनी कागद गोळा केले आणि चालायला लागल्या. मी मागोमाग. त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला पळावं लागलं. मी काय बोललो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चुकलो म्हणालो नाही. म्हणालो, अब्रूसाठी केलं. नाहीतर तुम्हीही लिहिलं असतं, वस्ती अडाणी आहे म्हणून.

"लिहिलं असतं," बाई म्हणाल्या, "तीट होती असं लिहिलं असतं. तेवढंच लिहिलं असतं. तुम्ही कपाळं पुसली नाहीत गुंडूभाऊ, माझी पाच वर्षं पुसलीत."

मला ते लागलं. आणि मला लागलं की माझी जीभ सुटते. म्हणालो, "मग विचारत कशाला बसला होता? डोळे नव्हते तुम्हाला? एकदा तरी जेवणाच्या वेळेला घरात बसून बघायचं होतं."

बाई थांबल्या. इतक्यात गाडी आली, चढल्या, आणि गेल्या.

त्या सरळ सरदेशमुख सरांकडं गेल्या, हे मला नंतर कळलं. सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावलं की चुका प्रत्येक प्रबंधात असतात. एक तळटीप घाला, दाखल करा, नोकरी पक्की करा, मग सावकाश लेख लिहून दुरुस्त करा. जूनला दुसरा उमेदवार तयार आहे, तो वाट बघणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी रजेचा अर्ज टाकला आणि दिसेनाशा झाल्या.

दहा दिवस मी रोज कॉलेजात जाऊन आलो. अकराव्या दिवशी मलकापूरची गाडी पकडली आणि पुढं तीन मैल चालत त्यांचं गाव गाठलं. कशासाठी, माझं मलाच नक्की नव्हतं. माफी मागायला म्हणावं तर वाटेत मी भांडणाचेच मुद्दे जुळवत होतो.

अंबूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. "या पावणं," म्हणाली, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. दोघींमध्ये काहीतरी चाललं होतं आणि मी मध्येच उगवलो होतो. मी उठायला लागलो तर बाई म्हणाल्या, "बसा. तुम्हीही ऐका. तुमचाच उद्योग आहे." मग आईकडं वळून, परीक्षेत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आई, तू मला कधी चांगली का म्हणाली नाहीस?"

अंबूबाईनं सुपातला खडा उचलून बाहेर फेकला.

"चार गेली तुज्याआदी. पयल्याला मी लई मिरवलं. सोन्यावानी हाय माजं, म्हणत गावभर फिरले. दोन महिन्यांत गेलं. दुसऱ्याला कमी मिरवलं. त्ये बी गेलं. तुज्यायेळी तोंडाला कुलूप घातलं. काळी म्हणलं, दळभद्री म्हणलं. जगलीस न्हवं?"

"पण आपण धम्म घेतला. बाबानं देव पाण्यात सोडले."

"देव गेलं पाण्यात. दिष्ट कुठं जातीया? लोकांस्नी डोळं हाईत तवर हाय ती."

माझ्या जिभेवर अख्खं भाषण आलं होतं. अंधश्रद्धा, अज्ञान, सगळं. त्या दिवशी मी ते गिळलं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

बाईंनी वहीसाठी पिशवीत हात घातला. सवयच ती. विचारलं, त्या चौघांची नावं काय होती. अंबूबाई म्हणाली, गेलेल्यांची घेऊ नयेत. मग सूप बाजूला ठेवून लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सकाळधरनं जेवली न्हाईस. हाडं कशी वर आल्यात बघ, भुतावानी दिसतीस. पावण्यास्नी बी वाढ आन् तू बी गीळ." आणि चुलीकडं गेली. बाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. वही हातात तशीच होती, लिहिलं काही नाही.

एकतीस मार्चला सकाळी मी परस्पर बाईंच्या टायपिस्टकडं गेलो. प्रबंधाच्या चार प्रती बांधून तिथंच पडून होत्या. पिशवीत भरल्या आणि बाईंच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, कबनूरला गेल्या. माझं डोकं सणकलं. आज, आणि कबनूरला? पुन्हा गाडी. मनात एकच, बाईंना धरून आणायचं, सही घ्यायची, तळटीप काय घालायची ती घाला, पण पाचच्या आत दाखल करायचा. माझ्या चुकीनं त्यांची जागा गेली असं कुणी म्हणायला नको. खरं सांगतो, तेव्हाही मी अर्धा माझाच विचार करत होतो.

बाई यल्लव्वाच्या घरात होत्या. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून. समोर घड्याळ काढून ठेवलेलं, मांडीवर कोरी वही. प्रश्नावली नाही. परसूच्या कपाळावर चवलीएवढी तीट.

मी दारातनंच सुरू केलं. दीड वाजला, अडीचची गाडी आहे, साडेचारला पोचतो, उठा. पिशवी आपटली.

बाईंनी मान वर केली नाही. "त्यात दोनशे चौदा बायकांच्या नावावर खोटं लिहिलंय, गुंडूभाऊ. मी सही केली तर ते छापलं जाईल, आणि पुढं जो कुणी लिहील तो माझं बघून लिहील."

"आणि जागा?"

"जागेवर दुसरा बसेल."

"माझ्यामुळं?"

"तोंड बंद ठेवून बसता येतंय का? येत असलं तर बसा. नाहीतर बाहेर जा, पोर बिचकतंय."

मी बसलो. कधी बसलो नव्हतो असा. यल्लव्वा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मग तिनं परसूला मांडीवर घेतलं. भात कालवला, त्यातला एक खडा शोधून काढला, घास फुंकला, ओठाला लावून बघितला आणि म्हणाली, "गीळ मेल्या." पोरानं तोंड फिरवलं. तिनं घास दुसऱ्या हातात घेतला, माकडासारखं तोंड केलं, पोर हसलं, घास आत. "काळतोंड्या, परत थुंकशील तर बघ." मला उठावंसं वाटत होतं, बोलावंसं वाटत होतं, पायाला मुंग्या आल्या होत्या. बाई अडीच वाजता लिहीत होत्या, तीन वाजता लिहीत होत्या. मी वाकून वहीत बघितलं. लिहिलं होतं, "१.५० ते २.२५. आई मुलाला अकरा वेळा वाईट बोलली. एकोणीस घास भरवले. स्वतः अजून जेवलेली नाही."

पाच वाजले तेव्हा बाई दुसऱ्या घरात होत्या.

जूनमध्ये ती जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंहून सहा वर्षांनी लहान, चांगला मुलगा, त्यांचाच विद्यार्थी. तो कधी बाईंपुढं खुर्चीवर बसला नाही, त्यामुळं दोघंही उभे. बाईंनी आठवी खोली घेतली. आणि दोनशे चौदा घरं नव्यानं सुरू केली. त्या आणीबाणीच्या वर्षी तर पोरांची मोजदाद करणारं कुणी दिसलं की बायका दारं लावायच्या, नसबंदीची माणसं समजून. बाई ओट्यावर बसून राहायच्या. एकेका दारापाशी तीन तीन रविवार. मी बरोबर असायचो, पण बोलायचं नाही ह्या अटीवर. ती अट मी किती वेळा मोडली ते विचारू नका. दोनदा त्यांनी मला सगळ्यांसमोर घरी पाठवलं, आणि तिसऱ्यांदा मी आपणहून गेलो, रागानं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा स्टँडवर हजर.

तीन वर्षं लागली. एकोणऐंशी साली नव्यानं नोंदणी, ब्याऐंशी साली प्रबंध तयार. बाई बेचाळीस वर्षांच्या, केस पिकलेले, हुद्दा अजून लेक्चररच. ह्या वेळी दाखल करायच्या आधी त्यांनी मला कच्ची प्रत वाचायला दिली. सातवं प्रकरण होतं, पहिल्या पाहणीतली चूक. त्यात सगळं होतं. क्षेत्रातील वाटाड्यानं भेटीच्या आदल्या दिवशी तीट पुसायला लावली, त्यामुळं एकसष्टावा रकाना आणि तेविसावा, चोविसावा, पंचविसावा प्रश्न निरुपयोगी झाले. आणि कंसात माझं नाव.

मी तिसऱ्यांदा वाचलं आणि पेटलो. अकरा वर्षं उन्हातान्हात हिंडलो त्याचं हे बक्षीस? पुस्तक झालं की मुंबई-पुण्याची माणसं वाचणार, गुंडूनं वाटोळं केलं. प्रत काखेत मारली आणि राजारामपुरी गाठली. बाई गॅलरीत उभ्या राहून भाकरी खात होत्या. मी जे बोलायचं ते सगळं बोललो. शेजारचे बाहेर आले. बाईंनी भाकरी संपवली, हात धुतला.

"नाव काढता येईल," त्या म्हणाल्या. "अजून टाईप व्हायचंय. पण मग चूक कुणाची लिहू? वाटाड्याची असं नुसतं लिहिलं तर उद्या वाचणारा म्हणेल, असेल कुणी भाड्याचा माणूस. तुम्ही भाड्याचे नव्हता. तुम्ही वस्तीवर जीव लावणारा माणूस होता, म्हणून तर ही चूक झाली. ते नावाशिवाय कसं कळणार? तुमच्या हातात आहे. खोडायचं तर खोडा." आणि पेन पुढं केलं.

मी पेन घेतलं. सातवं प्रकरण उघडलं. कंसातल्या नावावर बोट ठेवलं. खाली रस्त्यावर सायकलवाल्यांची गडबड चाललेली, शेजारीण अजून दारात, आणि बाई घड्याळ बघत होत्या, कारण त्यांना दोनची गाडी गाठायची होती.

"नुसतं गुंडू नको," मी म्हणालो. "कबनूरला गुंडू पाच आहेत. उगाच दुसऱ्याच्या माथी बसायचं." आणि कंसात लिहून दिलं, गुंडू गणपतराव हावळ, मागकामगार, मुक्काम कबनूर.